वाचवलेलं पाणी आधी कोणाच्या विहिरीत होतं?

सॅन डिएगोला राहायला आल्यापासून नाशिकच्या फोनवर एक प्रश्न ठरलेला असतो: "तिकडं पाण्याचं सगळं शिस्तीत असेल ना?" विचारणारे बहुतेक द्राक्षबागायतदार. त्यांच्या डोक्यातली अमेरिका म्हणजे एकरोएकर ठिबक, जमिनीत सेन्सर आणि मोबाइलवरून उघडणारे व्हॉल्व्ह. तसं आहेही, पण सगळीकडे नाही. इथून गाडीने दोन तासांवर, मेक्सिकोच्या सीमेला खेटून इम्पीरियल व्हॅली आहे. पाऊस नावापुरता, उन्हाळ्यात पारा सहज 45 च्या वर. अशा वाळवंटात मैलोन्मैल लसूणघास उभा आहे आणि त्याला चक्क मोकळं पाणी सोडतात, आपल्याकडे उसाला देतात तसं. पाणी हवं असेल तर शेतकरी आदल्या दिवशी मागणी नोंदवतो, मग त्यांचा पाटकरी येऊन दार उघडून देतो. पाटकऱ्याला चहा पाजावा लागतो की नाही, हे काही मला कळलेलं नाही.

हे पाणी कोलोरॅडो नदीचं. तिथून ते येतं ऑल-अमेरिकन कॅनॉलने. सुमारे 130 किलोमीटरचा हा कालवा 1930 च्या दशकात खोदला. आधीचा कालवा मेक्सिकोतून वळसा घालून यायचा; तो परावलंबीपणा नको म्हणून नवा कालवा पूर्णपणे अमेरिकेच्या हद्दीतून काढला. इम्पीरियलचा हक्क वर्षाला 31 लाख एकर-फूट, आपल्या भाषेत साधारण 135 टीएमसी (अब्ज घनफूट). आणि 1944 च्या तहानुसार अख्ख्या मेक्सिकोच्या वाट्याला कोलोरॅडोचं पाणी येतं 15 लाख एकर-फूट, म्हणजे 65 टीएमसी. जायकवाडीचा उपयुक्त साठा 76 टीएमसीच्या घरात आहे, त्यावरून अंदाज करा.

आता मूळ गोष्ट. हा कालवा काही अंतर निव्वळ वाळूच्या टेकड्यांतून जातो आणि मातीचाच होता. साहजिकच पाझर प्रचंड. ते पाणी जमिनीखालून दक्षिणेला, सीमेपलीकडच्या मेहिकाली खोऱ्यात उतरायचं. तिथल्या शेतकऱ्यांनी विहिरी घेतल्या, पंप बसवले आणि त्यावर कांद्याची पात, शतावरी, कापूस, गहू काढू लागले. दोन पिढ्या तरी हे चाललं. त्या पाण्याची नोंद कुठल्याच करारात नव्हती.

2003 मध्ये कॅलिफोर्नियात पाणीवाटपाचा मोठा समझोता झाला. कॅलिफोर्निया वाट्यापेक्षा जास्त पाणी उचलत होता, ते कमी करायचं होतं. त्यातून ठरलं की कालव्याचं अस्तरीकरण करायचं, म्हणजे पाझरू नये म्हणून तो काँक्रीटचा करायचा, आणि वाचेल ते बहुतेक पाणी सॅन डिएगोला द्यायचं. जुन्या कालव्याला लागून 37 किलोमीटरचा नवा काँक्रीटचा कालवा बांधला. बचत वर्षाला 67,700 एकर-फूट, म्हणजे जवळजवळ 3 टीएमसी. आपलं गंगापूर धरण निम्म्याहून जास्त भरेल एवढं.

मेहिकालीतल्या लोकांनी आणि कॅलिफोर्नियातल्या पर्यावरण संघटनांनी अमेरिकेच्याच कोर्टात दावा लावला. सीमेवरचं कॅलेक्सिको शहरही त्यांच्या बाजूने उभं राहिलं. खटला चालू असतानाच डिसेंबर 2006 मध्ये अमेरिकी काँग्रेसने एका भल्यामोठ्या करविषयक विधेयकात कलम घातलं, की हे काम विनाविलंब सुरू करा. 2007 मध्ये कोर्टाने दावा निकाली काढला. पाझर आमच्या वाट्याच्या पाण्याचा, तो थांबवला तर तहाचा भंग कसा, ही अमेरिकेची भूमिका. कागदावर ती बरोबरच होती, कारण 1944 च्या तहात भूजलाची वाटणी नाही.

म्हणजे मी सकाळी नळ सोडतो तेव्हा त्यात थोडंसं तरी पाणी असं असतं, की जे आधी मेहिकालीतल्या कुणाच्या तरी पंपाला लागायचं. पाण्याच्या बिलावर असलं काही छापत नाहीत.

मागच्या सुट्टीत नाशिकला आलो तेव्हा हे तात्यांना सांगितलं. आमचं शिवार निफाड तालुक्यात, पालखेडच्या डाव्या कालव्याच्या कडेला. तात्या हसले. "मग आमचं काय वेगळं आहे? आवर्तन सुटलं की चौथ्या दिवशी विहिरीला पाणी चढतं. पाणीपट्टी भरतो का त्याची? नाही. पण अस्तरीकरणाचं नाव काढलं की आम्ही सगळे एक." मी म्हटलं, शेपटाला येवल्याकडची माणसं वाट बघतात त्यांचं काय? तात्या म्हणाले, "त्यांचंही खरं आहे. पण माझी बाग पाझरावर उभी आहे, हेही खरं आहे ना?" आणि विषय बदलून दहिवड्यांची चौकशी करू लागले.

कार्यक्षमता हा शब्द मला आता ऐकवत नाही तो यामुळेच. गळती म्हणजे वाया गेलेलं पाणी, असं आपण धरून चालतो. काही गळती खरंच वाया जाते. खाऱ्या जमिनीत मुरलं, की संपलं. पण बरीच गळती दुसऱ्या कुणाचा तरी पाणीपुरवठा असते. इम्पीरियलच्या शेतांतून निचऱ्याचं पाणी वाहत जाऊन साल्टन सी नावाचा तलाव टिकून होता. शेतकऱ्यांनी बचत केली, पाणी शहरांना विकलं, तलाव आटत चालला आणि उघड्या पडलेल्या तळाची धूळ आता आसपासच्या गावांत उडते. ठिबकचंही तेच. वाचलेल्या पाण्यावर शेजारची दोन एकर नवी बाग लागली तर नदीला काय मिळालं? पिंपळगाव-दिंडोरीकडे हे प्रत्येकाला माहीत आहे, बोलत कुणी नाही.

शेजाऱ्याला नुसतं पाणी देऊन भागत नाही, तेही इथेच दिसलं. 1961 मध्ये अ‍ॅरिझोनातल्या एका प्रकल्पाने खारा निचरा नदीत सोडला आणि मेक्सिकोला ठरलेलं पाणी मिळालं, पण पिकं जाळणारं. क्षारांची मर्यादा ठरायला 1973 उजाडलं.

एक मात्र मानावं लागेल. पुढे दोन्ही देशांनी शहाणपणाचा रस्ता काढला. 1944 चा तह न उघडता त्याला पुरवण्या जोडतात, त्यांना 'मिनिट' म्हणतात. 2012 च्या मिनिट 319 ने मेक्सिकोला आपलं पाणी अमेरिकेतल्या लेक मीड या जलाशयात साठवायची मुभा दिली. 2014 च्या वसंतात कोरड्या पात्रात मुद्दाम पाणी सोडलं आणि कोलोरॅडो कित्येक वर्षांनी समुद्राला भेटली. 2017 च्या मिनिट 323 नुसार अमेरिकेने मेक्सिकोतल्या कालवे-दुरुस्तीसारख्या कामांसाठी 3 कोटी 15 लाख डॉलर द्यायचे आणि वाचलेल्या पाण्यात वाटा घ्यायचा. तुटीच्या वर्षी कपातही दोघांना. 2022 पासून ती सुरू झाली, मेक्सिकोसकट.

आपल्याकडे नाशिक-मराठवाडा भांडणात 2014 च्या आदेशाने निदान एक आकडा आला: 15 ऑक्टोबरला जायकवाडी 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. 2023 मध्ये 8.6 टीएमसीचा आदेश निघाला तेव्हा आंदोलनं झाली, कोर्टबाजी झाली. पण सगळा वाद धरणातल्या पाण्याचा. गोदावरी-कादवेच्या काठच्या विहिरींचं पाणी त्या हिशेबात कुठे आहे? याला अपवाद मला घराजवळच माहीत आहे. वाघाड प्रकल्पावरच्या ओझरच्या पाणीवापर संस्थांनी कालव्याचं पाणी बंधाऱ्यांत सोडून विहिरी भरून घेतल्या आणि विहिरीवरच्या बागायतदारालाही पट्टीत धरलं. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्रातर्फे उभं केलेलं हे काम. कोलोरॅडोवाल्यांना जे आजही करारात बसवता आलेलं नाही, ते दिंडोरी-निफाडच्या शेतकऱ्यांनी ग्रामसभेच्या भाषेत बसवलं.

मिनिट 323 ची मुदत 2026 अखेरपर्यंत आहे. पुढच्या करारात भूजलाला एखादी ओळ मिळते का, ते मी बघणार आहे. तात्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "ओळ मिळाली की कळव. आणि पट्टी किती लावली तेही."