पेनड्राइव्ह मंडळाचा, मिक्सर माझा

आमचा धंदा मंडप अन् साउंडचा. दारव्हा तालुक्यातल्या एका गावची २६ जानेवारीची ऑर्डर होती. सकाळी झेंडा, मग शाळेच्या पोट्ट्यांच्या शर्यती, बायांची लिंबू-चमचा, दुपारून कबड्डी, म्हणजे दिवसभर सारं गाव मैदानावर. समोर सतरंजीवर अंगणवाडीपासून चौथीपर्यंतची लेकरं, मागं आज्या, बाया, अन् माणसं ट्रॉल्यांवर चढून.

मंडळाच्या पोट्ट्यांनी गेल्या गेल्या पेनड्राइव्ह हातात देला, "भाऊ, यातलेच वाजवजा." मी कोणाचाही पेनड्राइव्ह आधी हेडफोनवर ऐकतो, कारण फाइलच्या नावावरून काहीच समजत नाही. ऐकलं तर अर्धे गाणे डबल मिनिंगचे. वरातीत असं चालून जाते, नाचणाऱ्याले शब्दाशी काय करायचं. पण इथं लोक बसून ऐकतात ना राजेहो! अॅपवर इंग्रजी गाण्यापुढं निदान बारीकसा 'ई' दिसते, शिवराळ असलं तर. पेनड्राइव्हातल्या गाण्यावर कोण शिक्का मारते? मी तो खिशात टाकला अन् माझेच गाणे लावले.

पण मी जनरेटरमध्ये डिझेल टाकायले गेलो अन् तेवढ्यात एकानं स्वतःचा मोबाइल मिक्सरले जोडला. मैदानात नेमकी पहिली-दुसरीच्या लेकरांची संगीत खुर्ची चालू. मी पळत आलो अन् आवाजाचा फेडर खाली ओढला. गाणं बंद, पण एकही लेकरू खुर्चीवर बसलं नाही, पुढची ओळ साऱ्यांनी मिळून म्हटली, अशी खणखणीत की ट्रॉलीवरच्यायलेही ऐकू गेली. आज्यांनी पदर तोंडाले लावला, हसून राहिल्या का लाजून ते त्यांनाच माहीत. मास्तर झेंड्याकडं पाहत बसले.

"पाहा, त्यायले पाठच आहे, मग काहून बंद करता?" मोबाइलवाला म्हणे. म्हटलं बावा, घरी मोबाइलवर ऐकते ते त्याच्या मायबापाचं पाहणं. इथं भोंग्यावरून वाजलं म्हणजे साऱ्या गावानं त्याले चालते म्हटलं, मास्तर अन् सरपंच बसून असताना. लेकराले मग उद्या कोणत्या तोंडानं म्हणाल का असं बोलू नको?

दुपारी कबड्डीत त्यांचं पुन्हा चालू, खेळाडूले जोश पाहिजे म्हणे. जोश पाहिजेच, मी काही भजनं लावा म्हटलं नव्हतं. पण रेड असते ३० सेकंदांची अन् तेवढ्या वेळात रेडरचा 'कबड्डी कबड्डी' पंचाले ऐकू आला पाहिजे, नाही तर रेडच बाद, म्हणून पंचानं आधीच बजावलं होतं का रेड चालू असताना आवाज नको. मग उरते दोन रेडच्या मधली फट. त्यात गाण्याचं कडवं बसत नाही, ठेकाच बसते. मी संदलचा ठेका टाकला, नुसते ढोल-ताशे, शब्दच नाही. लेकरं सतरंजीवर उभी राहून नाचली, अन् एका टीमचा कॅप्टन तर मिक्सरपाशी येऊन सांगून गेला का फायनललेही हेच ठेवा.

संध्याकाळी बिल देताना मंडळानं हजार रुपये कापले. "आमचे गाणे तुम्ही वाजवलेच नाही." मी वाद घातला, पाचशे वापस मिळाले. त्याच मोबाइलवाल्याच्या भावाचं उन्हाळ्यात लग्न आहे, ऑर्डर मलेच देली. वरातीत त्याचाच पेनड्राइव्ह लावीन, रात्री दहाच्या आत.