माथ्यावरची माती कुणी नेली?

"मॅडम, या कागदात सगळं 'मध्यम' लिहिलंय. मग मका दोन ठिकाणी पिवळा का?" काकांनी माती परीक्षणाचा अहवाल माझ्या हातात दिला आणि शेताकडे बोट केलं. टेकाडाच्या माथ्यावर एक पिवळा पट्टा, खाली खळग्यात दुसरा. मधला मका मात्र हिरवागार.

माझं काम मृदा सर्वेक्षणाचं. खड्डे खणायचे, ऑगर (माती काढायचं गिरमिट) फिरवायचा, ओल्या मातीची बोटांत वळी करून चिकणमाती किती ते बघायचं. अहवाल एक सांगतो आणि पीक दुसरंच दाखवतं अशी तक्रार आली, की मी आकड्यांच्या आधी नमुना कसा घेतला ते विचारते. काकांनी नियम पाळले होते. नागमोडी चालत शेतभरातून माती घेतली, घमेल्यात एकत्र केली, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलो उरवली. पण त्या अर्ध्या किलोत माथा, उताराचं पोट आणि पायथा एकत्र कालवले गेले. अहवालातला 'मध्यम' शेतात कुठेच नव्हता.

"उतार कुठाय एवढा? जवळपास सपाटच आहे की," काका म्हणाले. उतारमापकानं माथ्यावर २ टक्के दाखवले, खांद्याखाली (माथा संपून उतार वाढू लागतो त्या भागाखाली) ९ आणि तळाशी १. ९ टक्के म्हणजे आडव्या शंभर मीटरांत नऊ मीटर खाली. शेतात उभं राहून हा उतार डोळ्याला फारसा जाणवत नाही, पाण्याला मात्र तो पुरेसा असतो. (शंभर टक्के उतार म्हणजे उभा कडा असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात तो ४५ अंशांचा असतो.)

आधी पानं पाहिली. माथ्यावरच्या मक्याची कोवळी पानं पिवळी पडली होती. शिरा हिरव्या, मधल्या रेघा पिवळ्या. लोह कमी पडतं तेव्हा असं होतं. तळाशी उलट प्रकार: कोवळी पानं बरी, आणि सगळ्यात खालची जुनी पानं शेंड्याकडून मधल्या शिरेलगत पाचरीसारखी पिवळी होत आलेली. ही नत्राची भूक. काकांनी दोन्हीकडे एकच खत टाकलं होतं. लांबून पाहिलं तर रंग एकच ना!

माथ्यावर खड्डा घेतला. वरचा थर जेमतेम वीतभर, फिकट, ढेकळं कठीण. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर अगदी पृष्ठभागावरच फसफसलं, म्हणजे चुना तिथूनच सुरू. सामू (pH) ८.३. एवढ्या चुनखड जमिनीत लोह असतं, पण मुळांना ते विरघळलेल्या रूपात मिळत नाही. वीतभर खाली चुन्याचे पांढरे खडे लागले. पावसाचं पाणी वरच्या थरातला चुना हळूहळू धुऊन खाली नेतं आणि तो खाली साचतो, त्यामुळे हे खडे एरवी बरेच खोल सापडायला हवेत. इथे ते नांगराच्या फाळाला लागत होते. काका ज्याला जमीन म्हणून कसत होते तो जुना खालचा थर होता. वरचा थर नाहीसा झाला होता.

पोटावरचा खड्डा साधा निघाला. गडद थर दोन विती, चुना हातभर खोल. तिथे वेळ घालवला नाही.

तळाच्या खड्ड्यानं मात्र मला बराच वेळ बसवून ठेवलं. वर फिकट, ढेकळाळ माती, आणि थेंब टाकताच ती फसफसली. पस्तीस सेंटिमीटरवर रंग एकदम बदलला: काळीभोर, भुसभुशीत, मुळांच्या जुन्या वाटांनी भरलेली माती. तिच्यावर थेंब टाकला. काहीच नाही. पुन्हा वरच्या थरावर टाकला, फसफस. चुना वर आणि बिनचुन्याची सुपीक माती खाली! पाण्यानं झिरपून असा क्रम कधी होत नाही. वरचा थर दुसरीकडून येऊन बसला तरच होतो. आणि ती फिकट माती रंगानं, पोतानं, चुन्यानं माथ्यावरच्या मातीची सख्खी बहीण होती. टेकाड आपल्या थरांच्या उलट क्रमानं खाली उतरलं होतं: आधी माथ्यावरची काळी माती आली, ती तळाच्या काळीवर बसली. माथ्यावरची काळी संपल्यावर तिच्या खालची फिकट आली.

काळ्या थराखाली राखाडी माती, तिच्यात गंजाच्या रंगाचे ठिपके. पाणी तुंबून हवा संपली की लोहाचं रूप बदलतं, ते पाण्यात विरघळतं आणि मातीचा तांबूसपणा जातो. मुळाच्या वाटेनं हवा पोचली की तेच लोह पुन्हा गंजून ठिपका होतं. माती कुठवर पाण्यात बुडून असते, हे त्या ठिपक्यांवरून कोरड्या दिवसांतही वाचता येतं. अशा तुंबलेल्या थरात जिवाणू नायट्रेटमधला (जमिनीतल्या नत्राच्या विरघळलेल्या रूपातला) ऑक्सिजन वापरतात आणि नत्र वायू होऊन उडून जातं. काका टाकत होते त्या युरियाचा बराच भाग असा जात असणार.

"पावसानं नेली वरची माती," काका म्हणाले. म्हणूनच त्यांनी पोटावर दोन बांध घातले होते. पण मला ते पटेना. माथ्यावर पाणी येणार कुठून? तिथे पडलेला पाऊसच तेवढा. थेंबांच्या माऱ्यानं माती उडते हे खरं, पण वाहतं पाणी साठत साठत जोर धरतं ते खाली, पोटाच्या उतरत्या भागात, आणि पाण्यानं पाडलेल्या लहान चऱ्या तिथेच दिसत होत्या. सगळ्यात जास्त झीज मात्र होती माथ्यावर आणि खांद्यावर.

उत्तर सीमेवर सापडलं. टेकाडावरून जाणाऱ्या हद्दीवर गवताचा एक अरुंद पट्टा कधीच नांगरला गेला नव्हता. माथ्यापाशी तो पट्टा शेतापेक्षा गुडघाभर उंच होता. त्याच्या कडेची माती खरवडली: वर दोन विती काळा थर, फसफस नाही. पाऊस पट्ट्यावर आणि शेतात सारखाच पडला होता. फरक फक्त नांगराचा.

नांगर माती उलटवतो तेव्हा ती थोडी उताराच्या दिशेनं सरकते, आणि उतार जितका तीव्र तितकी जास्त. सरळ, एकसारख्या उतारावर वरून जेवढी येते तेवढीच खाली जाते, हिशेब जुळतो. माथ्यावर वरून काही येतच नाही. खांद्यावर उतार वाढत जातो, त्यामुळे येते कमी आणि जाते जास्त. खळग्यात उतार मंदावतो, तिथे माती साचते. ही 'मशागतीची धूप' युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात नीट मोजायला घेतली. तोवर धूप म्हटलं की पाणी आणि वारा एवढंच डोळ्यांपुढे यायचं. टेकडीवरच्या माती सुट्या न मोजता माथ्यापासून खोऱ्यापर्यंत एकच साखळी म्हणून बघायची, हे जेफ्री मिल्न यांनी पूर्व आफ्रिकेत काम करताना १९३०च्या दशकातच मांडलं होतं. आजही बहुतेक नमुने मात्र शेताच्या हद्दीप्रमाणे घेतले जातात, उताराप्रमाणे नाहीत, आणि याचा मला खरोखर राग येतो.

"नांगरताना माती कुठल्या बाजूला पाडता?"

"खाली. वर पाडायला ट्रॅक्टरला जोर लागतो."

काकांकडे पलटी नांगर होता, म्हणजे जाता-येता दोन्ही फेऱ्यांत माती वरच्या बाजूला पाडणं शक्य होतं. डिझेल जास्त जाईल, हे मी आधीच सांगून टाकलं. शक्य असेल तिथे नांगरटच कमी करा, हेही सांगितलं, पण ते त्यांना आवडलं नाही. माथ्यावर लोह जमिनीतून देऊ नका, चुन्यात अडकून पडेल, पानांवर फवारा. तळाशी आधी चर काढून पाण्याला वाट करून द्या, आणि मग नत्र थोडं थोडं विभागून द्या. पुढचे नमुने तीन पिशव्यांत: माथा, पोट, तळ.

काका बराच वेळ तळाच्या खड्ड्याकडे बघत होते. "माझीच माती ना ही? मग उचलून वर नेतो."

कल्पना वेडी नाही. झिजलेल्या माथ्यावर तळची माती परत पसरल्यानं पीक सुधारल्याचे प्रयोग झालेले आहेत. पण इथे खोच होती. वरची पस्तीस सेंटिमीटर उचलली तर चुन्याची फिकट मातीच परत चुन्यावर जाणार. काळी हवी तर आधी फिकट बाजूला काढायची, काळीतली थोडी न्यायची, मग फिकट परत भरायची, आणि तेही तळ पूर्ण सुकल्यावर, नाहीतर यंत्राच्या वजनानं माती दगडासारखी दबेल. शिवाय काळी किती काढायची यालाही मर्यादा, नाहीतर खळगा आणखी खोल होऊन पाणी जास्त तुंबेल.

काकांनी काठीनं जमिनीवर माथ्याचा आकडा मांडला. वीसेक गुंठ्यांवर दहा सेंटिमीटर थर म्हणजे दोनशे घनमीटर माती. त्यांनी तो आकडा पुसला, पाच गुंठे लिहिलं, आणि ट्रॉलीत किती माती मावते ते मला विचारू लागले.