पाच हजारांसाठी अण्णांचा चेहरा

गाडी चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणेल, हा इलेक्ट्रिकच्या विरोधातला दिसतो. माझा राग गाडीवर नाही, सबसिडीसाठी आधारवरून ओळख पटवताना मोबाईलच्या पडद्यावर येणाऱ्या एका गोल चौकटीवर आहे. तिच्यात चेहरा धरायचा आणि डोळे मिचकवायचे. त्या चौकटीत माझे वडील पाच आठवडे बसले नाहीत.

आम्ही अमळनेरचे. अण्णा 71 वर्षांचे, कापसाची शेती. जुनी दुचाकी चौदा वर्षं वापरून झाली होती. आता इलेक्ट्रिक घ्यायची आणि ती स्वतःच्या नावावर घ्यायची, हे त्यांनीच ठरवलं. याला चहाच्या टपरीवरचे वाद कारणीभूत. 22 सप्टेंबर 2025 पासून साध्या पेट्रोल दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकवर आधीपासूनच 5 होता. त्यामुळे अर्धी टपरी म्हणे आता पेट्रोलच परवडतं. उरलेली अर्धी पेट्रोलमधल्या 20 टक्के इथेनॉलच्या नावानं बोटं मोडत होती. एकाला मार्च 2025 मधला राज्याचा अर्थसंकल्प आठवला. 30 लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर 6 टक्के कर लावू म्हणाले आणि त्याच महिन्यात मागे घेतला, मग सरकारचा भरवसा काय धरायचा? 30 लाखांची गाडी त्या टपरीवर कुणाच्या स्वप्नातही नाही, पण वाद मात्र तावातावानं. मध्येच एआय नोकऱ्या खाणार हा विषय निघाला, तर एक म्हातारा म्हणाला, "आम्हाला काय सांगतोस भो, विप्रो 1945 ला या गावातच सुरू झाली. तेव्हा वनस्पती तूप काढायची."

असो. अण्णांना पटलं ते एवढंच, की रोज शेतात जाऊन येऊन पेट्रोलला पैसे घालायचे नाहीत.

केंद्राची इलेक्ट्रिक गाड्यांवर सूट देणारी पीएम ई-ड्राइव्ह योजना 1 ऑक्टोबर 2024 पासून सुरू झाली. पहिल्या टप्प्यात बॅटरीच्या क्षमतेच्या दर किलोवॅट-अवरला 5 हजार आणि दुचाकीला जास्तीत जास्त 10 हजार मिळत. एप्रिल 2025 पासून ते निम्मं झालं, म्हणजे कमाल 5 हजार. बायकोची स्कूटर मी माझ्या आधारवर पहिल्या टप्प्यातच घेतली होती. तेव्हा अण्णांनाही घ्या म्हणत होतो, ते ऐकले नाहीत. त्यामुळे आता हे 5 हजार तरी सोडायचे नाहीत, असा माझा हट्ट. ही सूट शोरूम बिलातच वजा करायचं, पण त्याआधी ग्राहकाच्या आधारवरून ई-व्हाउचर, म्हणजे सूट मिळायची डिजिटल चिठ्ठी, निघावी लागायची. आणि ती निघायची चेहरा दाखवून.

दसऱ्याला, 2 ऑक्टोबर 2025 ला, आम्ही दोघं एसटीनं जळगावला गेलो. पसंतीचं मॉडेल तिथंच होतं. कागदपत्रं झाली, पैसे ठरले, हारसुद्धा आणून ठेवला होता. मग शोरूममधल्या पोरानं मोबाईल अण्णांच्या तोंडासमोर धरला. "काका, डोळे मिचकवा." अण्णांनी मिचकवले. चेहरा जुळत नाही. चष्मा काढला. जुळत नाही. पंखा बंद केला, पांढऱ्या भिंतीसमोर उभं केलं, दाराशी उजेडात नेलं. नाही. मग पोरगा म्हणाला, टोपी काढा. अण्णा देवळाबाहेर टोपी काढत नाहीत, पण काढली. भुवयांच्या वर दोन बोटांवर सरळ रेघ होती. खाली उन्हानं रापलेला काळा चेहरा, वर पांढरं कपाळ. तसंही नाही जुळलं.

"काय म्हनस तो?" अण्णांनी मला विचारलं.

"चेहरा तुमचा नाही म्हणतोय."

"मी मीच शे ना. मंग?"

याचं उत्तर शोरूममध्ये कुणाकडेच नव्हतं. मॅनेजर माणूस भला. म्हणाला, मुलाच्या नावावर घ्या. पण योजनेत एका आधारवर एकच दुचाकी, माझी होऊन गेली. मग सुनेच्या नावावर? अण्णा तिथंच म्हणाले, "पैसा मना, नाव दुसरानं कसं?" नाहीतर 5 हजार जास्त भरा आणि आत्ता गाडी न्या, मुहूर्त आहे. खरं सांगतो, मी भरायलाही निघालो होतो. अण्णांनी हात धरला. हार तिथंच सोडून परत आलो.

परतीच्या एसटीत अण्णांनी खिशातून तेच आधार कार्ड काढलं. 65 ते 75 वयाच्यांना अर्धं तिकीट असतं. कंडक्टरनं कार्डावर एक नजर टाकली, अण्णांकडे एक टाकली, अर्धं तिकीट काढलं आणि पुढे गेला. फोटो तोच. सगळं मिळून तीन सेकंद लागले असतील.

तो फोटो 2012 चा, शाळेत कॅम्प लागला होता तेव्हाचा. काळीभोर मिशी, गाल भरलेले, सगळे दात शाबूत. त्यानंतर दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू झाले, दात गेले, कवळी आली. आधारची चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय ऑक्टोबर 2021 पासून सुरू आहे, तिच्यामागे एआयच आहे. फोटो काढताना मात्र कुणाला ठाऊक होतं, की पुढे एखादं यंत्र त्याच्याशी ताडून बघणार आहे?

मग फोटो बदलायला आधार केंद्र. कुठलं ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. पहिल्या दिवशी साडेनऊला पोचलो तर टोकन संपलेले. दुसऱ्या दिवशी सहाला जाऊन नंबर मिळवला, अकराला आमची पाळी आली आणि सर्व्हर गेला. दुपारी दोनपर्यंत बाकावर बसलो. शेजारी एक बाई तान्हं बाळ घेऊन तिसऱ्यांदा आलेली. तिच्या मानानं आमचं दुःख लहान होतं, पण माझी चिडचिड काही त्यामुळे कमी झाली नाही. मी खिडकीशी जाऊन आवाजही चढवला. ऑपरेटरनं शांतपणे "सर्व्हर माझ्या घरचा नाही" असं सांगितलं. बरोबरच होतं त्याचं. त्या दिवशी वेचणीला बायका लावल्या होत्या आणि अण्णा इथं बाकावर. त्यांनी मला दहादा ऐकवलं.

तिसऱ्या दिवशी झालं. भिंतीवरच्या कागदावर 100 रुपये लिहिलेलं, 1 ऑक्टोबर 2025 पासून 125 झालेत. ते रास्तच, पावती घ्या. इथं एक गोष्ट आधी माहीत असती तर बरं झालं असतं. अण्णांच्या आधारला जोडलेला मोबाईल नंबर कधीच बंद पडलेल्या सिमचा होता. नंबर बदलायचे वेगळे 75 पडतात, पण फोटो आणि बोटांच्या ठशांबरोबरच सांगितलं तर त्याच 125 मध्ये होतं. माझ्या मागच्या माणसानं सांगितलं म्हणून कळलं.

नंतर वाट बघणं. महिन्याच्या आत होईल म्हणाले. मी रोज रात्री स्टेटस बघायचो. धनत्रयोदशी गेली, लक्ष्मीपूजन गेलं, गल्लीत दोन नव्या पेट्रोलच्या गाड्या आल्या आणि दोघांनीही अण्णांना पेढा दिला. सतराव्या दिवशी अपडेट झालं.

लगेच जळगाव. तोच पोरगा, तीच चौकट. डोळे मिचकवले. जुळत नाही.

या वेळी मी खरंच डोक्याला हात लावून बसलो. मॅनेजरनं चहा मागवला. अण्णांनी बशीत ओतून फुरका मारला आणि खारी बुडवून नुसत्या हिरड्यांनी चघळू लागले. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आधार केंद्रावर अण्णा लग्नाला निघाल्यासारखे गेले होते. कडक इस्त्रीचा सदरा आणि तोंडात कवळी. आज ती हिरडीला टोचते म्हणून घरी, फळीवरच्या पेल्यात.

घर पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. परत गेलो. दोन दिवसांनी कवळी घालून आलो आणि पहिल्या फटक्यात जुळलं. मोबाईलवर लिंक आली, व्हाउचरवर सही झाली, गाडीबरोबर सेल्फी काढून चढवला. पासिंग, नंबर प्लेट यांत सांगण्यासारखं काही घडलं नाही.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या नावावर काही घ्यायचं असेल तर आधी कधीचा फोटो आहे ते बघा, दुकानात नंतर जा. आमच्या गल्लीतले पेन्शनर दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून देतात. ज्यांचा तिथं जुळतो त्यांना इथंही बहुधा अडचण येणार नाही. न जुळणाऱ्या माणसासाठी मात्र शोरूममध्ये, केंद्रात, कुठंतरी एक असा माणूस हवा ज्याला "हो, हे तेच आहेत" म्हणण्याचा अधिकार असेल. आम्हाला पाच आठवड्यांत तो भेटला तो फक्त एसटीत.

आणि हो, चार्जिंगसाठी 15 अँपिअरचा सॉकेट आणि अर्थिंग गाडी यायच्या आधीच करून घ्या. आमच्या ओट्यावर अर्थिंगच नव्हतं, वायरमनला दोन दिवस लागले. तो काम संपवून प्लग लावत होता, तर अण्णा मागून वाकून विचारतात, "येले बी तोंड दखाडनं पडी का?"