न मागण्याची सवय

गेल्या हिवाळ्यात हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर साताऱ्यातील एका रुग्णालयात मी दोन रात्री होतो. पहिल्या रात्री थंडी वाजू लागली. परिचारिकेला बोलावण्याची घंटी उशाशी होती आणि जास्तीची कांबळी समोरच्या कपाटात रचलेली मला दिसत होती, तरीही मी घंटी दाबली नाही. पहाटे ती फेरीवर आली तेव्हा तिने विचारले, "काका, घंटी का नाही वाजवली?" मला उत्तर देता आले नाही. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ मात्र रात्रीतून चार वेळा घंटी वाजवून आता शांत घोरत होते.

ते उत्तर माण तालुक्यात आहे. ज्या जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्याच जिल्ह्याच्या या पूर्व टोकाला पाचशेचा आकडाही अनेकदा गाठला जात नाही. माझा जन्म १९७० चा. १९७२ च्या दुष्काळात आई मला कडेवर घेऊन खडी फोडायला जात असे, आणि पुढे रोजगार हमीच्या पाझर तलावावर माती वाहताना तर मी तिला स्वतः पाहिले आहे.

गरिबीत वाढलेल्या माणसाला भूक आठवत असणार, असे लोक गृहीत धरतात. मला ती फारशी आठवत नाही, कारण हुलग्याचे माडगे आणि ज्वारीच्या कण्या यांवर आमची पोटे भरत असत. मला आठवते ते मागणे. आईने कधीही 'नाही' म्हटले नाही, आणि खरी अडचण तीच होती. पाचवीत मी कंपासपेटी मागितली तेव्हा ती काही न बोलता चुलीकडे वळली. चार दिवसांनी पेटी आली आणि डालग्याखालची अंड्यावर आलेली तलंग दिसेनाशी झाली. कोणी काही बोलले नाही, पण घरात एक वस्तू आली की दुसरी जाते, हा हिशेब मला शाळेतल्या कुठल्याही गणितापेक्षा पक्का समजला. त्यानंतर मी मागणेच सोडले. शाळेची सहल प्रतापगडाला निघाली तेव्हा "मला गाडी लागते" असे सांगून मी मोकळा झालो. (हे खोटे इतके टिकले की आजही प्रवासाला निघताना माझी मेहुणी माझ्यासाठी आठवणीने लिंबू घेते, आणि मी ते निमूटपणे हुंगतो.)

१९८८ मध्ये मी साताऱ्याला कॉलेजात आलो तो 'कमवा आणि शिका' योजनेतून. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य आमच्या भागातल्या कित्येक घरांचे दैव पालटून गेले. माझ्यासारख्याला ती योजना म्हणजे केवढा दिलासा होता! बागेत पाणी घालायचे, ग्रंथालयात पुस्तके लावायची आणि कोणापुढेही हात न पसरता शिकायचे. मात्र माझ्या भीतीला तिथे एक प्रतिष्ठित नाव मिळाले, हेही खरे. दोष त्या ब्रीदाचा नाही. मीच न मागण्याला स्वावलंबन म्हणू लागलो. नोकरीत सोयीच्या बदलीचा अर्ज दोनदा लिहिला आणि दोन्ही वेळा तो खिशातच चुरगळला, तेव्हाही मी स्वतःची समजूत याच शब्दाने घातली.

२०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. आनंदी मणी, सेंथिल मुल्लैनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादकांची बुद्धिचाचणी तोडणीपूर्वी आणि तोडणीनंतर घेतली. तोडणीपूर्वीच्या चणचणीच्या दिवसांत त्याच माणसांचे गुण कमी आले आणि पैसे हाती आल्यावर वाढले. कारखान्याच्या बिलाची वाट पाहणारे घर ज्याने पाहिले आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. मला त्यातला दुसराच भाग खुपला. त्या शेतकऱ्यांच्या डोक्यावरचे ओझे पैसे येताच हलके झाले. माझ्या खात्यात पगार जमा होऊ लागल्याला तीस वर्षे लोटली, तरी माझी घंटी वाजत नाही.

माझी मुलगी वेगळी आहे. तिला लॅपटॉप हवा होता तेव्हा तिने तो जेवताना, ताटातून मानही वर न करता मागितला. पैसे होते आणि मी ते दिलेही, पण "खरंच लागतो का?" असे तिला तीनदा विचारले. तिला वाटले मी चिक्कू आहे. मला राग आला होता, आणि तो खर्चाचा नव्हता. इतक्या सहज मागता येते याचा होता. लॅपटॉप आला त्या संध्याकाळी मी विनाकारण घरभर फिरलो. आता काय दिसेनासे होणार, हेच बहुधा मी शोधत होतो.

रुग्णालयातून घरी आल्यावर तो घंटीचा किस्सा मी आईला हसत हसत सांगितला. ती आता ऐंशीच्या घरात आहे. तिने सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, "ती वाजवायचं पैसं लागत्यात व्हय रं?"

"नाही गं, फुकट असते."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तरी बी."