एटीव्हीचा कॅलिपर बोल्ट जाम झाला तेव्हा

नागावच्या किनाऱ्यावर आमच्या भावकीतल्या एकाच्या एटीव्ही, म्हणजे वाळूवर चालणाऱ्या चार जाड चाकांच्या गाड्या, आहेत. त्यातल्या एकीचे पुढचे ब्रेक पॅड बदलायचे होते. गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं, कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, वरचा बोल्ट निमूट सुटला. खालच्याने मात्र नाकी नऊ आणले.

आधी ज्या गॅरेजमध्ये काम झालं होतं त्यांचा राग अजून गेलेला नाही. त्यांनी लाल थ्रेडलॉकर (आटे चिकटवून धरणारा द्रव) ओतून बोल्ट आवळला होता, आणि बारा कोनांच्या गोटीने (सॉकेटने) डोकं निम्मं गोल करून ठेवलं होतं. डोक्याखाली पांढरी भुकटी दिसत होती. बोल्ट स्टीलचा, तो ज्यात बसतो तो चाकामागचा नकल ॲल्युमिनियमचा, वर समुद्राचं खारं पाणी. अशा जोडीत ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची भुकटी आट्यांत घट्ट बसते. निव्वळ ताकद लावली तर बोल्ट तुटतो नाहीतर आटे उपटून येतात, म्हणून पान्याला पाईप घालायचा मोह आवरा.

आट्यांत झिरपणारं पेनिट्रेटिंग ऑईल मारून रात्रभर ठेवलं. पॅड आधी काढून घ्या आणि डिस्कवर फडकं टाका. तेल लागलेला पॅड फेकूनच द्यावा लागतो. सकाळी सहा कोनांची ११ ची गोटी १२ च्या झिजलेल्या डोक्यावर हातोड्याने ठोकून बसवली. सुटायच्या दिशेला जोर देण्याआधी किंचित आवळून बघितलं, कारण कधी कधी तेवढ्यानेच भुकटीची पकड मोडते. बोल्ट ढिम्म. गोटी घसरली आणि उरलेसुरले कोनही गेले.

मग उष्णता. लाल थ्रेडलॉकर साधारण २५० अंशांच्या आसपास मऊ पडतो, आणि तापल्यावर ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणून बोल्टपेक्षा त्याच्या भोवतीचा नकलचा कान तापवायचा. पण शेजारीच कॅलिपर, त्यात ब्रेक ऑईल आणि रबरी सील. होजला ओलं फडकं गुंडाळलं, मारलेलं तेल पुसून काढलं, हॉट एअर गनने तापवलं. ब्लो लॅम्प तिथे नकोच. ग्रिपने धरून हलवलं तर जरासा कुरकुरला आणि पुन्हा अडकला.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी आच किंवा वेल्डिंग अजिबात करू नका. त्याच्या वाफेतून फॉस्जीन तयार होतो, तो जीवघेणा वायू आहे. आम्ही ती जागा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवली होती.

शेवटी गावातल्या वेल्डरकाकांना बोलावलं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. काकांनी अर्थची क्लॅम्प बोल्टला अगदी लागून लावली, म्हणजे करंट चाकाच्या बेअरिंगमधून जात नाही. मोठा नट डोक्यावर ठेवून आतल्या भोकातून टाका भरला. लाली उतरेपर्यंत थांबले. मग रिंग पाना घालून थोडं उलटं, थोडं सुलटं. "घाई करू नकोस," एवढंच ते म्हणाले. करकर आवाज झाला आणि बोल्ट फिरला! माझा जीव भांड्यात पडला. बाहेर आला तेव्हा आट्यांत पांढरी भुकटी आणि जळक्या थ्रेडलॉकरच्या खपल्या अडकलेल्या होत्या.

नकलमध्ये ८ मिलिमीटर, १.२५ पिचचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने हळू फिरवून आटे साफ केले. जुना बोल्ट परत वापरायचा नाही. नवा बसवताना मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढाच टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, द्या, अंदाजाने नको. कॉपर ग्रीस लावून तोच टॉर्क दिला तर बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून ब्रेकच्या बोल्टवर मॅन्युअल सांगेल तेच लावा. या गाडीला निळा, मध्यम पकडीचा थ्रेडलॉकर सांगितला आहे. कॅलिपरच्या सरकत्या पिनांना सिलिकॉन ग्रीस लावायचं. साध्या ग्रीसने तिथलं रबर फुगतं.

आणि हो, ज्या सीलजवळ तापवलंय ते दुरुस्तीनंतर नीट तपासा. आम्ही नवेच घातले, ब्रेक ऑईल बदललं, हवा काढली. पॅड डिस्कला टेकेपर्यंत लिव्हर दाबत राहिलो, मगच गाडी खाली घेतली.

पावसाळ्यात गाड्या महिनोन् महिने उभ्या राहतात, तेव्हाच हे बोल्ट धरतात. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने चाकांच्या आतून धुऊन घ्या. उजव्या बाजूचेही दोन्ही बोल्ट मी त्याच दिवशी काढून, आटे साफ करून, टॉर्क रेंचने बसवले.