नागावची फॅमिली ट्रिप आणि माउंटन बाइक: आधी तिथी बघा, मग रूम बुक करा

अलिबागच्या बाजूला फॅमिलीबरोबर जायचंय आणि सायकलीही न्यायच्यात, तर हॉटेलचे फोटो बघायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. वार नाही, तिथी. सगळं प्लॅनिंग तिथूनच सुरू होतं, कारण माउंटन बाइक चालवायला जी भारी वाळू असते, ओली, घट्ट, टायर न रुतणारी, ती फक्त ओहोटीला मिळते, आणि ओहोटी जर दुपारी बाराला असेल तर तुम्ही उन्हात तळून निघणार आणि घरचे जेवायला थांबून वैतागणार.

कोळी लोकांचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. म्हणजे चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, भरती साधारण तीनला, मग सहा तासांनी ओहोटी नऊला. अष्टमीला भरती सहाला, पहाटेही आणि संध्याकाळीही, म्हणजे सकाळी उठून बीचवर गेलात तर पाणी वर आलेलं आणि चालवायला उरते ती वरची भुसभुशीत कोरडी वाळू, जिच्यात सायकल चालत नाही, ओढावी लागते. हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे निघायच्या आदल्या रात्री मोबाइलवर मुंबईचं भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघून घ्याच, पण महिनाभर आधी तारखा ठरवायला पाऊणपट पुरते. माझ्या मते बेस्ट दिवस म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्या झाल्यावरचे बीज, तीज, चतुर्थी. उधाणाच्या दिवसांत पाणी मागेही खूप हटतं, म्हणजे पट्टा रुंद मिळतो, आणि ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते.

आता यातली गंमत बघा, लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं, म्हणजे भाऊबीज झाली की पुढचे दोन-तीन दिवस आपोआप आपल्याला हवे तेच असतात! पोरांची दिवाळीची सुट्टी, ऑफिसातही रजा मिळते, आणि तिथीही जमते. आम्ही म्हणूनच भाऊबीज आटपून निघालो, मी, बायको, दोन पोरं, सासूबाई आणि माझा मेव्हणा जो माझ्याइतकाच सायकलवेडा आहे. गर्दी असते हे खरं, रूमचे भावही चढलेले असतात, पण सकाळी साडेसहाला बीचवर गर्दी नसते.

जायचं कसं, तर मुंबईहून सायकली असतील तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रोरो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट. रस्त्याने पेण-वडखळ करत जायचं म्हणजे शंभर किलोमीटर आणि वडखळच्या ट्रॅफिकचं काय होईल ते सांगता येत नाही, रोरोने साधारण तासाभरात मांडवा. गाडी बोटीत, सायकली गाडीच्या मागच्या रॅकवर, सासूबाई वर वारा खात बसलेल्या. नुसती सायकल घेऊनही बोटीत चढता येतं, मेव्हणा तसाच आला आणि मांडव्याहून नागावपर्यंतचे साधारण तीस किलोमीटर चालवत आला, सासवणे, आवास, किहीम, चोंढी असं करत. सासवण्याला शिल्पकार करमरकरांचं घर-म्युझियम आहे तिथे अर्धा तास थांबाच. किहीमचं नाव पक्षीवाल्यांना माहीत असेल, सालिम अलींनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास इथेच केला. गेटवेवरून ज्या छोट्या लाँच सुटतात त्यात मोठी सायकल चढवायची झटापट मी तरी करणार नाही. आणि अटल सेतूवर सायकल, टू-व्हीलर काहीच अलाउड नाही हे लक्षात ठेवा, गाडीला बांधलेली असेल तर गोष्ट वेगळी. मागच्या रॅकने नंबरप्लेट झाकली जाते, त्यासाठी रॅकवर दुसरी प्लेट आधीच लावून घ्या, नाहीतर हवालदार थांबवणार आणि त्याचं बरोबरच असणार.

पोरांना पहिल्यांदा नेत असाल तर त्याआधी एखाद्या रविवारी मार्वेहून मनोरीला जाऊन या. मार्वेच्या फेरीबोटीत सायकली घेतात, पलीकडे उतरलं की मनोरी, गोराई, उत्तन असा रस्ता आहे, थोडे चढ, थोडा बीच, थोडा गावातला रस्ता, सगळं अर्ध्या दिवसात. पोरगं कुठे दमतं, किती पाणी पितं, वाळूत घाबरतं का, सगळं तिथेच कळतं. आमच्या धाकट्याला गिअर कधी पाडायचा ते मनोरीच्या चढावर समजलं, कोकणात शिकवायची वेळ आली नाही.

राहायला नागाव घेतलं, अलिबाग नाही. अलिबाग शहर आहे, नागावला नारळ-सुपारीच्या वाड्यांमध्ये घरगुती सोय होते आणि वाडीच्या मागच्या दारातून पाच मिनिटांत वाळूवर. रूम बुक करताना एसी आहे का हे सगळेच विचारतात, तुम्ही तीन गोष्टी विचारा: बाहेर गोड्या पाण्याचा नळ आणि पाइप आहे का, सायकली ठेवायला पडवी किंवा शेड आहे का, आणि सकाळी सहाला चहा मिळेल का. आमच्या घरमालकीण काकूंनी चहा दिलाच, वर आदल्या दिवशीच्या घावनांचं पीठ राखून ठेवलेलं, आम्ही परत आलो की गरम घावन तव्यावर. सायकल नारळाच्या झाडाखाली अजिबात लावू नका, रात्रीत झावळी किंवा नारळ पडला तर रिम कामातून जाईल.

पहिली राइड नागाव ते आक्षी बीचने. ओहोटीच्या एक तास आधी निघायचं म्हणजे जाताना पाणी हटत असतं आणि येतानाही मागे लागत नाही. टायरची हवा इथे फार महत्त्वाची. माझे टायर सव्वादोन इंची ट्यूबलेस आहेत, ओल्या वाळूवर १८ ते २० पीएसआय ठेवतो, रस्त्यावर आलो की छोट्या पंपाने ३० च्या वर नेतो. ट्यूबवाले असाल तर पंचविसाच्या खाली जाऊ नका, दगडावर आपटलं की ट्यूब रिममध्ये चिमटते. चालवायचं कुठे, तर लाट जिथपर्यंत येऊन गेलीय त्याच्या थोडं वर, जिथे वाळू काळपट दिसते पण चमकत नाही. चमकणारी वाळू पाणी धरून असते, पुढचं चाक दबतं. त्या पट्ट्यात बारीक खेकड्यांनी वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या करून बिळाभोवती नक्षी काढलेली असते, अख्ख्या बीचभर, माझी मुलगी सायकल आडवी टाकून अर्धा तास तेच बघत बसली आणि मी काही घाई केली नाही. फॅमिली राइडला किलोमीटर मोजायचे नसतात असं माझं स्पष्ट मत आहे. वाटेत कोळी जाळी ओढत असतात, दोर वाळूवर आडवा असतो तो उन्हात दिसत नाही, स्पीड कमी ठेवा आणि दोरावरून चाक नेऊ नका, उतरून पलीकडे जा.

आक्षीला शिलाहारांच्या काळातला शिलालेख आहे, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक मानतात, शके ९३४ म्हणजे १०१२ सालचा. बीचवरून गावात शिरून बघून यायला फार वेळ लागत नाही. आक्षीच्या पुढे खाडी लागते, तिथून वाळूवरून अलिबागला जाता येत नाही, मागे फिरायचं.

खरी राइड मला विचाराल तर खारेपाटातली. टुरिस्ट तिकडे फिरकत नाहीत. अलिबागहून पेणच्या रस्त्याला पोयनाडच्या बाजूला गेलं की शहापूर, धेरंड अशी गावं आहेत, खाडीच्या बाजूने बांध घालून समुद्राचं पाणी अडवून भातशेती केलेली. समुद्राकडच्या मोठ्या बांधाला बाहेरकाठा म्हणतात, त्यात उघाड्या असतात, म्हणजे अशी झापडं की भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने आपोआप बंद होतात आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतात. मेव्हणा इंजिनिअर आहे, तो एका उघाडीपाशी बसला तो उठायलाच तयार नाही. बांध म्हणजे दीड-दोन फूट रुंदीची वाट, एका बाजूला कापलेली भातं, दुसऱ्या बाजूला कांदळवन आणि चिखल, चिखलात निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारताना दिसतात. माउंटन बाइकवाल्यांनो, बॅलन्स शिकायला याच्यापेक्षा चांगली जागा नाही, नजर चाकाजवळ नाही, दहा-पंधरा फूट पुढे ठेवायची, आणि सीट एक इंच खाली घ्यायची म्हणजे पाय पटकन टेकतो.

पण काही गोष्टी पाळायच्या. बांध लोकांचा आहे, त्याच्यावर त्यांचं पीक अवलंबून आहे, एकदा खांड पडली की खारं पाणी आत येऊन शेत जातं. त्यामुळे ओल्या बांधावर चालवायचं नाही, चाकाची चर पडते. आम्ही सुरुवातीलाच एका आजोबांना विचारलं, त्यांनी हाताने दाखवलं, ‘वरच्या बाजूनं जावा, खालचा बांध भिजलाय.’ तेवढं विचारलं की लोक स्वतःहून पाणी विचारतात, कुठे वळायचं सांगतात. दुसरं म्हणजे उधाणाच्या दिवसांत भरतीच्या वेळी पोरांना घेऊन बाहेरकाठ्यावर जायचं नाही, दुपारी बारा-एकला पाणी पार बांधाला लागलेलं असतं. आपण सकाळचे, त्यामुळे तिथीचं गणित इथेही उपयोगी पडतं. घराघरांच्या मागे जिताडा माशाची तळी दिसतील, जिताडा खायचा असेल तर इकडच्याच एखाद्या खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवा. जवळच चरी गाव आहे, जिथल्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ संप केला, सहा वर्षं जमिनी कसल्या नाहीत. त्याच शेतांच्या कडेने सायकल चालवताना हे पोरांना सांगितलं, मोठीला खूप प्रश्न पडले, उत्तरं द्यायला मलाही घरी येऊन वाचावं लागलं.

मोठी राइड एकच ठेवा, आणि ती अशी ठेवा की घरचे शेवटी भेटतील. आम्ही दोघं नागावहून चौल, रेवदंडा, पूल ओलांडून साळाव, कोर्लई, बोर्ली करत काशिदला गेलो, बाकीचे नाश्ता करून आरामात गाडीने आले, काशिदला एकत्र जेवलो आणि सायकली रॅकवर टाकून परत. दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच ठेवा, कारण सकाळी मतलई वारा असतो तो फारसा त्रास देत नाही पण अकरानंतर खारा वारा सुटतो आणि तो वायव्येकडून येतो, काशिदहून नागावला उलटं यायचं तर तो सगळा तोंडावर घ्यावा लागतो. चौलपर्यंतचा रस्ता वाड्यांमधून, सावलीचा पण अरुंद, एसटी आली की सरळ उतरून बाजूला व्हा. चौलला रामेश्वराचं देऊळ आणि पुष्करणी, तिथे पाणी, केळी. कुंडलिका खाडीवरच्या पुलावर बाजूला जागा नाही, मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. कोर्लईच्या किल्ल्याकडे फाटा घेतलात तर दीपगृहापर्यंतचा तुकडा छान आहे, पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत अजूनही पोर्तुगीजमधून आलेली बोली बोलतात. बोर्लीच्या पुढे चढउतार आहेत, आणि एका वळणावर एकदम समुद्र उघडतो, तिथे थांबा. काशिदला पाण्यात खोल जाऊ नका, ओढ फार आहे. फणसाड अभयारण्य जवळच आहे पण तिथे सायकल नेण्याआधी सुपेगावच्या गेटवर वनखात्याला विचारा, मनाने शिरू नका.

घरच्यांचा दिवस म्हणजे अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला. नऊच्या ओहोटीला पायी जाता येतं, आम्ही सायकलीने अलिबागपर्यंत आलो, सायकली किनाऱ्यावर राखणीला देऊन सगळ्यांबरोबर चालत गेलो. सासूबाई घोडागाडीने. पाणी वळायला लागलं की लगेच परतायचं, फोटो नंतर. अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तिथल्या कुलाबा वेधशाळेतली चुंबकीय निरीक्षणं १९०४ साली इकडे हलवली, विजेच्या प्रवाहाने मोजमाप बिघडलं असतं.

सायकलीची काळजी रोजच्या रोज, आळस नको. बीचवरून आलं की चहाच्या आधी गोड्या पाण्याने धुवायची, पाइपची धार हब (चाकाचा मधला भाग) आणि बॉटम ब्रॅकेटवर (पेडलच्या आसावर) सरळ मारायची नाही, वरून पाणी सोडायचं. चेन फडक्याने कोरडी करून वेट ल्यूब (ओल्यातही टिकणारं चेनचं तेल), रात्री सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची नळी, एकदा काढून पुसायचा. डिस्क ब्रेकला तेलाचा हात लावू नका. एका रात्रीत चेनवर तांबूस गंज येतो, खाऱ्या हवेत वेळ लागत नाही. वाड्यांच्या कुंपणाला बाभूळ, बोर असते, काटे रस्त्यावर पडलेले असतात, त्यामुळे दोन ट्यूब, पॅच, टायर काढायचे लिव्हर आणि पंप प्रत्येक राइडला सोबत, नागावला तुमच्या साइजची ट्यूब मिळेल हे धरून चालू नका.

जानेवारीत गेलात तर पोपटी मिळेल, वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात भाजलेली, काकूंना आधी सांगून ठेवलं तर रात्री शेकोटीवर लावतात. फेब्रुवारीनंतर पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्याकडेला दिसायला लागतात. पुढे दक्षिणेला दिवेआगर, हरिहरेश्वरला हाच प्लॅन करणार असाल तर हिवाळ्यात तिथे कासवं अंडी घालायला येतात, वरच्या कोरड्या वाळूत अजिबात चालवू नका, जाळीने घेरलेल्या जागांपासून लांब राहा.

परतीची रोरो रविवार संध्याकाळची घेऊ नका, सगळी मुंबई त्याच बोटीला असते. आम्ही दुपारची घेतली, सकाळी शेवटची तासाभराची राइड झाली, सायकली धुवून, वाळवून रॅकवर चढल्या आणि दिवेलागणीला घरी होतो. तिकीट जाताना काढाल तेव्हाच येतानाचंही काढून ठेवा.