बर्कलीतला कर आणि कार्यशाळा

सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावरून बर्कलीला जायचं तर बार्ट ही इथली लोकल सोयीची. खाडीच्या तळाशी टाकलेल्या जवळपास सहा किलोमीटरच्या नळीतून ती पलीकडे ओकलंडला निघते आणि तिथून बर्कली हाकेच्या अंतरावर. स्टेशनातून वर आलं की लगेच विद्यापीठाचं आवार सुरू होतं, ते थेट पूर्वेकडच्या टेकड्यांपर्यंत चढत जातं. मधोमध ९४ मीटर उंचीचा घंटाघराचा मनोरा. त्याच्या पायथ्याशी पाठ टेकून पश्चिमेला पाहिलं आणि धुकं नसलं, तर सरळ रेषेत गोल्डन गेट दिसतो. आम्हाला बहुतेक वेळा धुकंच दिसलं.

पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठीची ही कार्यशाळा होती वर्तनवादी सार्वजनिक अर्थशास्त्राची. माणसं पाठ्यपुस्तकातल्याइतकी हिशेबी नसतात हे एकदा कबूल केलं, की कर, अनुदानं, पेन्शन यांची आखणी कशी बदलते, हा विषय. त्यासाठी बर्कलीसारखं गाव नाही. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी पीएचडी इथेच केली, पुढे इथे शिकवलंही. अर्थशास्त्राचे २००१ चे नोबेलविजेते जॉर्ज अकरलॉफ इथलेच. आवारात नोबेलविजेत्यांसाठी राखीव पार्किंगच्या पाट्या आहेत. इथली पार्किंगची मारामारी बघता, प्रोत्साहन कशाला म्हणतात हे त्या पाटीइतकं कुणी नेमकं सांगितलेलं नाही.

पोचले त्या संध्याकाळी शाम्पू घ्यायला गेले. फळीवरच्या चिठ्ठीवर ५.९९ डॉलर, काउंटरवर ६.६०. एमआरपीत सगळे कर धरलेले असायची सवय असलेल्या माणसाला हे खटकतंच. इथे विक्रीकर दहा टक्क्यांहून थोडा जास्त आहे आणि तो बिल होताना चढतो. मागे उभ्या असलेल्या बाईंनी बिलाकडे पाहिलंसुद्धा नाही, कार्ड टेकवलं आणि गेल्या.

सकाळच्या पहिल्याच तासाला फळ्यावर हेच! राज चेट्टी, अ‍ॅडम लूनी आणि कोरी क्रॉफ्ट या अर्थतज्ज्ञांनी २००६ च्या सुरुवातीला तीन आठवडे उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका किराणा दुकानात सौंदर्यप्रसाधनं वगैरे वस्तूंच्या चिठ्ठ्यांवर करासकट किंमत छापली. द्यायची रक्कम तीच, पैशाचाही फरक नाही. तरी मागणी सुमारे ८ टक्क्यांनी घसरली. गंमत म्हणजे विचारल्यावर बहुतेक गिऱ्हाइकांना कराचा दर जवळपास बरोबर सांगता आला. माहीत असतं, पण खरेदी करताना डोक्यात नसतं.

हे नुसत्या शोधनिबंधात वाचलं असतं तर टिपण काढून पुढे गेले असते. पण या गावात दुसरा करही आहे. बर्कलीनं नोव्हेंबर २०१४ मध्ये सुमारे ७६ टक्के मतांनी साखरेच्या पेयांवर कर लावला, औंसाला (साधारण तीस मिलिलिटरला) एक सेंट. अमेरिकेतल्या शहरांत पहिला. तो वितरकाकडून घेतला जातो, दुकानदार तो किमतीत मिसळतो, कधी पूर्ण, कधी अर्धामुर्धा. म्हणजे सोड्याच्या (इथे कोलासारखं गोड पेय) बाटलीवरचा हा कर फळीवरच्या चिठ्ठीत दिसतो आणि शेजारच्या शाम्पूचा दिसत नाही. जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघे-चौघे एका दुकानात चिठ्ठ्या वाचत फिरलो. पेयाच्या बाटलीवर पाच-दहा सेंटची अनामतही असते, ती पुन्हा काउंटरवर! दुकानदार आमच्याकडे संशयानं बघत होता, ते रास्तच होतं.

दुपारची सत्रं सादरीकरणांची. त्यात फारसं सांगण्यासारखं नाही, सगळ्यांच्या स्लाइड जास्त आणि वेळ कमी. खरी जुंपली ती ऑलकॉट, लॉकवुड आणि टॉबिन्स्की यांच्या सोड्यावरच्या कराबद्दलच्या २०१९ च्या निबंधावर. आक्षेप जुनाच: सोडा गरीब घरांत जास्त पितात, म्हणजे कर त्यांनाच बोचणार. उत्तर असं की आपल्याच चुकीनं होणारं नुकसानही तिथे जास्त असेल, तर करानं टळणाऱ्या नुकसानाचा फायदाही त्यांनाच जास्त. पण चूक मोजायची कशी? लेखकांनी आहारतज्ज्ञांचं पिणं हा मापदंड धरला. त्यांच्याइतकं ज्ञान आणि पूर्ण संयम असता, तर सरासरी अमेरिकी घरानं ३१ ते ३७ टक्के कमी सोडा घेतला असता, असा त्यांचा अंदाज. त्यावरून योग्य कर औंसाला १ ते २.१ सेंट.

मेक्सिकोचा एक मुलगा होता. तिथे असा कर जानेवारी २०१४ पासूनच आहे, सुरुवातीला लिटरला एक पेसो होता, हे त्यानं आल्या आल्या सगळ्यांना ऐकवलं होतं. तो उठून म्हणाला, "माझी आजी आहारतज्ज्ञ झाली असती तरी तिनं सोडा सोडला नसता. तिला तो आवडतो. यात चूक कुठली?" शिकवणारे सर म्हणाले, आवड किती हे सर्वेक्षणात विचारलंय आणि तेवढं वजा केलंय. पठ्ठ्याचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही पूर्ण झालं नाही. आवड प्रश्नावलीत सांगणं निराळं, रोज बाटली उघडणं निराळं.

सरांनी वाद घातला नाही. फळ्यावरच्या सूत्रातला, चूक किती हे सांगणारा आकडा पुसला, तिथे एक अक्षर लिहिलं आणि म्हणाले, तुम्हाला पटेल ती किंमत घाला. खोलीभर लॅपटॉप उघडले. आजीवाल्याचा कर अर्ध्या सेंटवर आला, माझा दीडच्या किंचित वर. शेजारच्या मुलीचा उणे आला. सूत्र तिनंच तपासलं, मग मी तपासलं, चूक सापडली नाही. तिनं गरिबांवरच्या बोजाला इतकं वजन दिलं होतं की सोड्यावर अनुदानच द्यावं लागत होतं.